नमुनेबाईंनी तेल बदललं

सगळे त्यांना नमुनेबाई म्हणत, आणि त्याला कारणं दोन होती. पहिलं साधं होतं. डोंगरावरच्या सहा छोट्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि खाली शहरातल्या लॅबमध्ये अकराच्या आत पोचवायचे, हे त्यांचं काम. दुसरं कारण त्यांचा नवरा सांगायचा. "लॅबनं हिला काम दिलं ते आत्ता. हा नमुना आहे हे मी लग्नाच्या दिवशीच ओळखलं होतं."

गाडी मुळात नवऱ्याची. छोटी पेट्रोलची व्हॅन, मागची बाकं काढून तिथे थंड पेट्या ठेवायला लाकडी खण केलेले. नऊ वर्षं त्यानं ती घाटातून वरखाली नेली. मग त्याचे डोळे दगा द्यायला लागले. त्यानं ते लपवलं, पण बाईंना पत्ता लागलाच. पुढे गाडी दिसली की मागे टाकल्याशिवाय ज्याला चैन पडत नसे, तो माणूस एक दिवस एका लाकडाच्या ट्रकमागे अख्खा घाट मुकाट्यानं चढला. बाई शेजारीच बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती दिवसांपासून दिसत नाही?" आणि तो खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला.

बाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. गोदामामागच्या मोकळ्या जागेत त्या गाडी चालवायला शिकल्या. नवरा शेजारच्या सीटवर बसून नुसता कानांनी शिकवायचा. "क्लच एवढ्यात सोडू नकोस. ऐक, ते कण्हतंय. आता सोड." लायसन्सच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या. तिसऱ्या वेळी साहेब वैतागून म्हणाला, "काकू, या वयात कशाला हा उद्योग?" बाई म्हणाल्या, "साहेब, वय विचारायचं तर गाडीचं विचारा. माझ्या वयाचं मी बघून घेईन." साहेब हसला, आणि त्या पास झाल्या.

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. गाडीच्या मीटरवर तीन लाख बासष्ट हजार किलोमीटर पडले होते. या अकरा वर्षांत अकरा वाजायच्या आत लॅबच्या दारात बाईंची गाडी नाही, असं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालं असेल. लॅबच्या प्रमुख डॉक्टरीणबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या, पण कोणी नवीन आलं की बाईंकडे बोट दाखवून सांगायच्या, "वेळ कशी पाळायची ते यांना विचारा."

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मात्र सगळं बिनसलं.

सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली की गाडी घूं... घूं... करत राहायची, जणू कोणी तिला उबदार पांघरुणातून ओढून काढतंय. बॅटरी गेल्या वर्षीच नवी घातली होती, प्लगही साफ होते. तरी पाचव्या-सहाव्या खेपेला कुठे ती चालू व्हायची, आणि चालू झाल्यावर इंजिनाच्या डोक्यातून खडखडखड असा आवाज यायचा. डबाभर सुटे खिळे कोणीतरी हलवतंय असा. ऑइलचा तांबडा दिवा लगेच विझायला हवा, तो दहा-बारा सेकंद तसाच जळत राहायचा. नवरा दारात उभा राहून ऐकायचा आणि त्याचा चेहरा कसनुसा व्हायचा. "तेल वर पोचत नाहीये," तो म्हणायचा. "कोरडी फिरतेय बिचारी."

पहिल्यांदा निघायला वीस मिनिटं उशीर झाला. दुसऱ्यांदा चाळीस, तरी अकरा कसेबसे गाठले. तिसऱ्यांदा बाई लॅबमध्ये पोचल्या तेव्हा सव्वाअकरा झाले होते, आणि पेट्या तशाच परत फिरवल्या गेल्या. रक्त जास्त वेळ राहिलं की खराब होतं, मग तपासणीचा आकडा चुकतो, आणि चुकलेल्या आकड्यावर कोणाला तरी चुकीचं औषध मिळतं. हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्या वाद घालत बसल्या नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी त्या चौथ्या दवाखान्यात गेल्या तर बाकावर निवृत्त मास्तर बसले होते. ऐंशीच्या घरातले, काडीसारखे हात. त्यांची शीर सापडायलाच मुश्कील. कालचं रक्त फुकट गेलं म्हणून सिस्टरनं त्यांना परत बोलावलं होतं. तीनदा सुई टोचून झाली होती, कोपरापाशी हात काळानिळा पडला होता.

"माझ्यामुळे झालं हो, मास्तर," बाई म्हणाल्या.

"छे, छे," मास्तर म्हणाले. "तुमची गाडी म्हातारी, माझ्या शिरा म्हाताऱ्या. चालायचंच."

मास्तर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा तो समजूतदारपणा बाईंना घाट उतरेपर्यंत सलत राहिला. त्यात खाली लॅबमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. "मला हे सांगायला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण हिवाळा अजून दोन महिने आहे. महिनाभर बघू. तसंच चाललं तर तुमचा रस्ता नव्या गाडीवाल्यांना द्यावा लागेल. शेजारच्या रस्त्यावर ते आहेतच."

त्या संध्याकाळी बाई जेवायलाही नीट बसल्या नाहीत. मांडणीवरचा इंजिनाच्या उरलेल्या तेलाचा डबा त्यांनी उचलला आणि कलता केला. गारठ्यानं तेल मधासारखं घट्ट झालं होतं, कललेल्या डब्यात ते आळस देत सरकत होतं. इंजिनातही हेच होत नसेल ना, असं त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी सुट्या भागांच्या दुकानातून, थंडीत घट्ट होत नाही म्हणतात त्या सिंथेटिक तेलाचा घोटभर नमुना मागून आणला. लॅबच्या दोन रिकाम्या काचेच्या नळ्या त्यांच्याकडे होत्या. एकीत नेहमीचं तेल, दुसरीत हे. दोन्हींना चिकटपट्टी लावून नावं लिहिली आणि नळ्या बाहेरच्या खिडकीत उभ्या ठेवल्या. सकाळी उठल्याउठल्या त्यांनी दोन्ही आडव्या केल्या. नेहमीचं तेल तळाशी चिकटून बसलं, हलायचं नाव नाही. दुसरं झर्रकन टोकापर्यंत पळालं.

"अहो, उठा," बाई ओरडल्या. "मला कळलं काय झालंय ते!"

नवऱ्यानं नळ्या हातात घेऊन डोळ्यांपाशी नेल्या, दिसलं नाही, तेव्हा एकेकीत काडी घालून ढवळून बघितली. फरक त्याला बोटाला कळला. पण तो मान हलवत राहिला. "अगं, नव्या गाडीचं ठीक आहे. साडेतीन लाखांवर गेलेल्या गाडीला हे कुठलं पचतंय? म्हातारपणी औषध बदलू नये."

"तुम्हाला डॉक्टरनं गेल्या वर्षी औषध बदलून दिलं. मेलात का?"

"अजून नाही," तो म्हणाला.

मिस्त्री तर त्याच्याही वरताण निघाला. मिस्त्री म्हणजे नवऱ्याचा जुना दोस्त, गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज. या गाडीचा एकेक बोल्ट त्याच्या हाताखालून गेलेला. बाईंचं ऐकून त्यानं पान्हाच खाली ठेवला.

"वहिनी, मी हात जोडतो. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला असतो. रबराचे सील कडक झालेले असतात, त्यांच्या भेगा या गाळानंच बुजलेल्या असतात. सिंथेटिक तो गाळ धुऊन काढतं. मग गाडी चारी बाजूंनी रडायला लागते. तीन इंजिनं बघितलीत मी अशी. मी हे पाप करणार नाही."

"म्हणजे ती आजच आतून फाटलेली आहे आणि आपण घाणीनं ठिगळ लावून बसलोय, असंच ना?"

मिस्त्री पान्हा उचलून पुसायला लागला.

"मग गळायचंच असेल तर माझ्या अंगणात गळू दे," बाई म्हणाल्या. "घाटात गळण्यापेक्षा बरं. तुम्ही करणार नसाल तर मी करते."

कपाटाच्या तळातून त्यांनी गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढली. वीस वर्षांत ती कोणी उघडली नव्हती. तिच्यात तेलाचा तक्ता होता. मिस्त्री घालत आला ते वीस नंबरचं तेल उन्हाळ्याच्या प्रदेशासाठी होतं. आकडा जितका लहान तितकं तेल गारठ्यात पातळ; थंडीसाठी पाच नंबरचं चालेल, असं गाडी बनवणाऱ्यांनीच छापून ठेवलं होतं. म्हणजे आपण काही जगावेगळं करायला निघालेलो नाही, हे कळल्यावर बाईंच्या जिवात जीव आला. दुकानात जास्त पळालेल्या गाड्यांसाठी वेगळं सिंथेटिक मिळत होतं, रबर मऊ ठेवणारं औषध त्यात मिसळलेलं. महाग होतं, पण बाईंनी तेच घेतलं.

आता नवराही हळूहळू वळला. व्हॅन घेण्याआधी बसच्या डेपोत कामाला असताना शिकलेली एक युक्ती त्याला आठवली. वापरलेल्या तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकायचा आणि तो कसा पसरतो ते बघायचं. गाळानं भरलेलं तेल मधेच काळा गोळा होऊन बसतं, चांगलं तेल गोल पसरत जातं. टिपकागद कुठून आणायचा? बाईंनी लॅबमधून गाळणकागदाचे चार तुकडे मागितले.

"कशाला हवेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गाडीचं रक्त तपासायचंय," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खळखळून हसल्या, आणि चारऐवजी दहा तुकडे दिले. "रिपोर्ट मला दाखवा," म्हणाल्या.

पहिला रिपोर्ट भयंकर आला. कागदाच्या मधोमध डांबराचा ठिपका पडावा तसा थेंब बसला, बाजूला कड नाही की छटा नाही.

रविवारी दोघांनी अंगणातच काम काढलं. आधी बाईंनी इंजिन बाहेरून रॉकेलच्या फडक्यानं लख्ख पुसलं, म्हणजे पुढे गळलं तर कुठून ते कळेल. मग वरच्या झाकणाचं पॅकिंग काढलं. ते रबर इतकं वाळलं होतं की हातात बिस्किटासारखं मोडलं. तिथे नवं बसवलं. गाडी दहा मिनिटं चालवून इंजिन गरम केलं, खालचा बोल्ट सोडला, आणि जुनं तेल काळ्या दोरीसारखं तसराळ्यात उतरत राहिलं. बाई घाई न करता शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबल्या. फिल्टर नवा, बोल्टखालची चकतीही नवी. मग त्यांनी नरसाळं लावून नवं तेल ओतलं. त्याचा रंग पातळ चहासारखा होता, आणि एवढ्या थंडीतही ते पाण्यासारखं उतरत होतं.

"कर चालू," नवरा म्हणाला.

बाईंनी किल्ली फिरवली. खडखड झाली, पण दोनच सेकंद. मग आवाज बसला. नवऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला, मान तिरकी करून ऐकलं.

"काय हो?"

"थांब. बोलू नकोस," तो म्हणाला. आणि मग, "लग्नात नवी होती तेव्हा असा आवाज होता हिचा."

"लग्नात गाडी नव्हती आपल्याकडे."

"तुझ्या आवाजाबद्दल बोलतोय," तो म्हणाला, आणि दोघं हसत सुटली.

त्यानंतर बाई रोज सकाळी गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवत आणि तेलाची पट्टी काढून पातळी बघत. पाच दिवस पुठ्ठा कोरडा राहिला. सहाव्या दिवशी त्यावर रुपयाएवढा डाग होता. सातव्या दिवशी तीन.

मिस्त्री जाता जाता थांबला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "रडायला लागली." त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता, हीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट. शिवाय पट्टीवरचं तेल आठवड्याभरातच काळं पडलं होतं. बाई पायरीवर बसल्या. आपण हट्टानं चालती गाडी मोडली की काय? उद्या मास्तरांची पुन्हा तपासणी होती.

नवरा पोतं घेऊन आला, ते अंथरलं आणि गाडीखाली शिरला.

"अहो, तुम्हाला काय दिसणार तिथे?"

"दिसायचं कशाला? बोटं आहेत ना." खालून त्याचा आवाज येत राहिला. "हा पुढचा सील... कोरडा. मागचा... कोरडा. झाकणाची कड... एकदम कोरडी. छान बसवलंयस पॅकिंग." मग पोतं थोडं पुढे सरकलं. मग, "हा बघ चोर! सील नाहीच. ऑइलच्या दिव्याचा तो छोटा स्विच आहे ना, त्याच्या बुडाशी ओलं आहे. वीस वर्षांचा आहे तो. मरणारच होता."

मिस्त्री अजून तिथेच उभा होता. तो गॅरेजकडे गेला आणि हातात नवा स्विच घेऊन परत आला. "हा बसवून देतो," तो म्हणाला. "पण वहिनी, मी अजून तुमच्या बाजूनं नाही, हे लक्षात ठेवा."

"नका होऊ," बाई म्हणाल्या. "फक्त नीट आवळा."

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा होता. त्यानंतरही कोरडाच. काळं झालेलं तेल म्हणजे इंजिन आतून धुतलं जातंय, हे नवऱ्यानं समजावलं. म्हणून नेहमीइतकं न थांबता हजार-बाराशे किलोमीटरवरच ते काढून पुन्हा ताजं घातलं, फिल्टरसकट. गाळणकागदावरचे ठिपके बाई लॅबमध्ये नेऊन दाखवत. डॉक्टरीणबाईंनी ते आपल्या खोलीतल्या फळीवर ओळीनं लावले होते. पहिला डांबरासारखा. दुसऱ्याला बारीक करडी कड. चौथा छान गोल पसरलेला, मधे फिकट.

"पेशंट सुधारतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

महिना संपला. उशीर एकदाही झाला नाही. आणि मग, हिवाळा सरत आला असं वाटत असतानाच, ती सकाळ उजाडली.

बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ होता. नळ गोठले होते. गल्लीत एकेक बॉनेट उघडलेलं, कोणी किटलीतून गरम पाणी आणतंय, कोणी गाडी ढकलतंय. मिस्त्रीची स्वतःची पिकअप नुसती घूं करून गप्प झाली, आणि तो तिच्याकडे अविश्वासानं बघत उभा राहिला. बाईंनी हातमोज्यातल्या हातानं किल्ली फिरवली. इंजिन एकदा घुरघुरलं, दुसऱ्यांदा घुरघुरलं आणि पेटलं. किल्लीवरून हात काढायच्या आत तांबडा दिवा विझला.

गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. दारात उभ्या नवऱ्यानं जोरात टाळ्या वाजवल्या. बाईंना लाज वाटली, आणि ऊर भरूनही आला.

घाटात चिटपाखरू नव्हतं. बाई एकट्याच चढत गेल्या, वळणामागून वळण, दुसऱ्या गिअरमध्ये, काचेवरचं धुकं बाहीनं पुसत. वरच्या दवाखान्यातल्या सिस्टरला त्या येतील असं वाटलंच नव्हतं. ती पेटी तयार न ठेवताच शेकत बसली होती. बाई म्हणाल्या, "उठा सिस्टर, पेशंट नाही आले तर मी बसते सुई टोचून घ्यायला." चौथ्या दवाखान्यात मास्तर मफलर गुंडाळून बसलेले. त्यांची शीर त्या दिवशी पहिल्याच सुईला सापडली.

दहाला पाच कमी असताना बाई लॅबच्या दारात उभ्या होत्या. आत गडबड चालली होती. शेजारच्या रस्त्यावरची नवी गाडी घाटाच्या पायथ्याशी अडकली होती, तिच्यातलं डिझेल गोठलं होतं. त्या रस्त्यावरच्या जवळच्या दोन दवाखान्यांत नमुने तयार पडून होते.

"त्यात ड्रायव्हरचा दोष नाही," बाई म्हणाल्या. "डिझेलला थंडी बाधते." आणि पेट्या उतरवून होतात न होतात तोच त्या परत गाडीत बसल्या.

"कुठे निघालात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तासभर आहे अजून."

दहा बावन्नला त्या परत आल्या. दोन्ही दवाखान्यांच्या पेट्या मागच्या खणात नीट बसवलेल्या होत्या. लॅबमधली माणसं काम सोडून दारात आली होती. डॉक्टरीणबाईंनी एक पेटी स्वतः उचलली. जिन्यात थांबून त्या म्हणाल्या, "रस्ता तुमचाच आहे. तुम्ही नको म्हणेपर्यंत."

संध्याकाळी मिस्त्री दाराशी आला. चपला काढून, मान खाली घालून, जणू शाळेत उशीर झालाय.

"वहिनी, तो डबा कोणता म्हणालात?"

बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, पुस्तिका काढून दाखवली. "पण आधी तुमच्या गाडीचं पुस्तक बघा. आणि पॅकिंग बदला. आणि खाली पुठ्ठा. नुसतं तेल ओतून जादू होत नाही," त्या म्हणाल्या. नवरा शेजारी बसून इतका गोड हसत होता की मिस्त्रीनं शेवटी वैतागून त्याला कोपर मारलं.

वसंत लागता लागता डॉक्टरीणबाईंनी बाईंना नकाशा दाखवला. खिंडीच्या पलीकडे सातवा दवाखाना उघडला होता. तिथवर जायला कोणी तयार नव्हतं. रस्ता उभा चढाचा. "जाल का?" त्यांनी विचारलं. बाईंनी विचार करायला एक दिवस मागितला, आणि उत्तर मात्र पाचच मिनिटांनी दिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला बरोबर घेतलं. अकरा वर्षांत तो घाट चढला नव्हता. काच खाली करून तो सगळा चढ ऐकत होता. शेवटच्या चढाला इंजिन एका सुरात गात राहिलं, कुठे धाप नाही, कुठे खडखड नाही. खिंडीच्या माथ्यावर बाईंनी गाडी थांबवली. तापमानाचा काटा मधोमध होता.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"सगळंच," बाई म्हणाल्या, आणि त्याला एकेक करून सांगायला लागल्या. खाली नदी, तिच्यावरचे दोन पूल, शहराच्या छपरांचा करडा पट्टा, त्यात लॅबची पाण्याची टाकी, अंगठ्याच्या नखाएवढी. अलीकडे वळणावळणाचा अख्खा रस्ता, ज्याच्यावर त्यांनी दोघांनी मिळून वीस वर्षं काढली होती. तो मान डोलावत ऐकत होता, मधेच विचारत होता, "आणि ते मोठं वळण? तिथलं वाळकं झाड आहे अजून?"

"आहे. पालवी फुटलीय त्याला."

"गप. थापा मारतेस."

"फुटलीय म्हणते ना!"

पलीकडच्या उतारावरून पांढऱ्या कोटातली एक मुलगी दोन्ही हातांत पेटी सांभाळत धावत येताना दिसली. सातव्या दवाखान्याची सिस्टर. कोणीतरी खरंच आलंय, ही बातमी खाली दवाखान्यापर्यंत पोचली होती, आणि तिच्या मागोमाग दहा-बारा माणसंही वर चढत होती. बाईंनी मागचं दार उघडलं आणि सातव्या दवाखान्यासाठी केलेल्या नव्या खणावरची धूळ पदरानं पुसली.